पार्काच्या काठावरची घरं

दादरच्या शिवाजी पार्कभोवतीच्या जुन्या इमारती राखाव्यात की पाडाव्यात, यावर सरळ लेख लिहायचा म्हटलं की माझी पंचाईत होते. राखाव्यात म्हणणाऱ्याचं पटतं, आणि पाडाव्यात म्हणणारा तिसऱ्या मजल्यावर राहत असेल तर त्याचंही पटतं. म्हणून हे काम दोघींवर सोपवलं आहे. मावशी पंचाहत्तरीच्या पुढच्या, केळुसकर मार्गाजवळच्या एका जुन्या इमारतीत पागडीच्या जागेत राहणाऱ्या. भाची वास्तुरचनाकार, जुन्या इमारतींचं जतन हाच तिचा धंदा. दोघी माझ्या कल्पनेतल्या, मुद्दे मात्र पार्काच्या कट्ट्यावर कुठल्याही संध्याकाळी ऐकू येणारे. मधूनमधून कंसात मी तोंड घातलं आहे, त्याला इलाज नाही.

भाची : जिना बघत बघत वर आले. ती उभी काचेची पट्टी तळापासून गच्चीपर्यंत गेलीये ना, तिच्यामुळे भर पावसाळ्यातही दिवसा एकाही मजल्यावर दिवा लागत नसेल. आणि कठड्याचा तो सागवानी हात! ऐंशी वर्षं लोक त्यावरून हात फिरवतायत, पण कुठे कूस नाही.

मावशी : त्यातला निम्मा हात माझा. गुडघ्यांनी संप केल्यापासून मी जिना पायांनी नाही, हातांनी चढते. आणि त्या पट्टीतून उजेड येतो तसं पाणीही येतं. जुलैत ये. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन बादल्या आणि एक गोणपाट मुक्कामाला असतं.

भाची : ती पट्टी नीट बसवून घ्यायला फार खर्च नाही गं.

मावशी : कोणाला नाही?

(खरं तर लेख इथेच संपवायला हरकत नव्हती. पुढचं सगळं या दोन शब्दांच्या प्रश्नावरच आहे.)

भाची : कायद्याने मालकाला.

मावशी : मालकाचं नाव काढू नकोस, तो बिचारा माझ्याहून म्हातारा आहे. माझ्या सासऱ्यांनी ही जागा घेतली तेव्हा मालक भाडेकरू शोधत फिरत होते. मग महायुद्ध आलं, जागांची टंचाई झाली, १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि भाडं सप्टेंबर १९४० मध्ये जे होतं तिथे गोठलं. तेव्हा ते बरोबरच होतं, नाहीतर आम्ही रस्त्यावर आलो असतो. पण गोठलं ते गोठलंच. १९९९ चा नवा कायदा २००० साली लागू झाला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. चार टक्के कशावर? आमच्या महिन्याच्या भाड्यात तुझ्या त्या कॅफेतली एक कॉफी येणार नाही. एवढ्या पैशात त्याने छज्जे बांधून द्यायचे?

भाची : म्हणजे मालकाला उत्पन्न नाही म्हणून तो दुरुस्ती करत नाही, आणि जागा तुमची नाही म्हणून तुम्ही करत नाही.

मावशी : आम्ही करतो. आतून. माझ्या स्वयंपाकघराच्या टाइल्स बघ, बाथरूम बघ. बाहेरचं कोणाचंच नाही. उपकर भरतो, म्हणून म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची माणसं येतात, पाहणी करतात, टेकू लावतात. मागच्या बाजूला लावलेला टेकू आता इतका जुना झालाय, की तुमच्या यादीत त्यालाही वारसा म्हणून घालता येईल.

भाची : चेष्टा कर, पण तू राहतेस ती इमारत काय आहे ते तरी ऐक. १९३० आणि ४० च्या दशकात मुंबईत सिमेंट काँक्रीट नवं होतं. त्या नव्या मालाने काय काय करता येतं ते दाखवायची हौस होती. विटांच्या बांधकामात कोपरा बहुधा काटकोनातच यायचा. काँक्रीटमध्ये तो वळवता आला, म्हणून तुझी गॅलरी अशी गोल फिरते. खिडकीवर सलग भुवईसारखा छज्जा, लोखंडी जाळीत उगवता सूर्य, गच्चीच्या कठड्याला जहाजाच्या डेकसारखे आडवे दांडे. हे आर्ट डेको. मरीन ड्राइव्हवर हीच शैली आहे आणि ती ओव्हलच्या इमारतींसकट जून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पण तिथे समुद्रासमोर पैसेवाले राहायचे. इथे तोच थाट वकील, डॉक्टर, मास्तर, बँकेतले कारकून यांच्या वाट्याला आला. मला विचारशील तर हे मरीन ड्राइव्हपेक्षा मोठं काम आहे.

मावशी : कारकुनाच्या वाट्याला थाट आला, दुरुस्तीचा खर्च नाही आला. तो सूर्य तू बाहेरून बघतेस. मी आतून बघते. दर दिवाळीआधी तो सूर्य मी पॉलिश पेपरने घासते, वर रेड ऑक्साइडचा हात, मग काळा रंग. पावसाळ्यात किरणं पुन्हा गंजतात. एक किरण तर निघूनच आला, तो मी तारेने बांधलाय.

(ती तार भाचीच्या नजरेतून सुटलेली नव्हती. असल्या तारा, ठिगळं, एम-सीलचे गोळे यांच्या जिवावर मुंबईतला निम्मा वारसा उभा आहे. जतनाच्या पुस्तकांत त्यांच्यावर एखादं प्रकरण हवं.)

भाची : काँक्रीटची अडचण मला माहीत आहे. समुद्र दोन पावलांवर. खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचा थर आतून ढकलून पाडतं. खाली पडतो तो पोपडा, पण दुखणं सळईचं असतं. लोक पोपडा बुजवतात आणि रंग मारतात. खरी दुरुस्ती म्हणजे सळई उघडी करायची, गंज साफ करायचा, गरज असेल तिथे जोडसळई द्यायची आणि मग पॉलिमर मॉर्टरने अंग भरायचं. हे होतं. मी करून घेतलंय.

मावशी : कोणाच्या पैशाने? परत तेच.

भाची : आणि हेही खरं आहे की बऱ्याच इमारती दुरुस्त होण्याजोग्या असताना मोडीत काढल्या जातात. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. ऑडिटवाल्याने ‘सी-वन’ शिक्का मारला की इमारत रिकामी करून पाडायचीच. आता ऑडिटवाला कोणी नेमला ते बघ. मालकाने नेमलेला म्हणतो पाडा, भाडेकरूंनी नेमलेला म्हणतो दुरुस्त होईल. इमारत तीच, सळई तीच. मग दोन्ही अहवाल पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. हा तंटा विज्ञानाचा आहे असं वाटतं का तुला?

मावशी : नाही वाटत. पण स्लॅब अंगावर पडला की तोही विज्ञानाने पडत नाही.

भाची : २०१२ साली संधी आली होती. पालिकेने वारसा वास्तूंची नवी यादी काढली, त्यात शिवाजी पार्कचा अख्खा परिसर होता. मुंबईत वारशाचे नियम १९९५ पासून आहेत, पण ते जास्त करून फोर्ट आणि दक्षिण मुंबईपुरते. पहिल्यांदा कोणी म्हणालं की मध्यमवर्गाची वस्तीही जपण्यासारखी असते. आणि पहिला विरोध कोणी केला? तुम्हीच! सभा काय, हरकती काय, पक्षांचे लोक तर आलेच.

मावशी : मीही गेले होते सभेला. आम्हाला कोणी विचारलं होतं का? एक दिवस पेपरात वाचलं की आपण वारसा झालो. वारसा झालो म्हणजे खिडकी बदलायची तरी परवानगी, गच्चीवर पत्रा टाकायचा तरी परवानगी. पुनर्विकास जवळजवळ बंद. आणि बदल्यात? काही नाही. बक्षीस म्हणून बेडी घातल्यासारखं होतं ते.

भाची : काही नाही कसं? ज्याला वारशामुळे बांधता येत नाही, त्याने ते बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकावेत, अशी टीडीआरची तरतूद त्या नियमांतच होती.

मावशी : हक्क कोणाला मिळतात, मालकाला की भाडेकरूला?

भाची : मालकाला.

मावशी : बघ. आणि पुनर्विकासात? उपकरप्राप्त इमारत असली की विकास नियमावलीच्या ३३(७) खाली तीनचा एफएसआय, म्हणजे जागेच्या तिप्पट बांधकाम. ५१ टक्के भाडेकरूंच्या सह्या झाल्या की गाडी सुरू. निदान ३०० चौरस फूट जागा, तीही मालकीची, फुकट. शिवाय लिफ्ट. एका बाजूला तू मला म्हणतेस, भाडेकरूच राहा, वर चढत राहा आणि लोकांना खालून सुंदर दिसत राहा. दुसऱ्या बाजूला बिल्डर म्हणतो, मालकीण हो. आयुष्यभर पागडीत काढलेल्या बाईला तू कुठली सही करायला सांगशील?

(याला भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मुंबईतल्या जतनाच्या चळवळीने भाडेकरूला कधी आपला माणूस मानलं नाही. तिचं लक्ष इमारतीच्या तोंडावर राहिलं आणि आत राहणाऱ्याला ती ‘रहिवासी’ या एका शब्दात उरकत आली.)

भाची : मालकीण हो, पण मेंटेनन्स किती येईल ते विचारलंस का? तीन लिफ्टा, पंप, जनरेटर, अग्निशमन, पोडियमच्या पार्किंगचे दिवे. विकायच्या मजल्यांवरच्या लोकांना तो हिशोब जाणवत नाही, तुला जाणवेल. बिल्डरने दिलेल्या कॉर्पस निधीच्या व्याजातून तो भागतो असं सांगतात. पाच-सात वर्षं भागतो. मग जुनी माणसं जागा विकून डोंबिवलीला किंवा तिच्यापलीकडे जातात. गिरगावात काय झालं ते तू बघितलंयस.

मावशी : हे मात्र खरं बोललीस. आमच्या मागच्या गल्लीतले दोघे तसेच गेले. पण विकून गेले, हाकलले म्हणून नाही गेले. बँकेत पैसे घेऊन गेले. त्यांच्या आईला तेवढंही मिळालं नसतं.

भाची : मग पारशी कॉलनीचं बघ. रुळाच्या पलीकडे, इथून चालत अर्धा तास. प्लेगनंतर, १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली आणि मंचरजी जोशी या इंजिनिअरने ट्रस्टला गळ घालून १०३ भूखंड पारशी मध्यमवर्गासाठी राखून घेतले. इमारत दोन मजल्यांहून उंच नाही, मध्ये पाच बागा, रस्त्यारस्त्याला झाडं. ती वस्ती आजही बरीचशी तशीच आहे. म्हणजे जमतं.

मावशी : जमतं, कारण तिथे बाहेरच्याला घर मिळत नाही. आत येणाराच नाही, तर भाव कोणासाठी चढणार आणि बिल्डर कोणासाठी बांधणार? दाराला कडी लावली की घर शाबूत राहतंच. ती कडी इथे लावणार आहेस?

भाची : नाही.

मावशी : आणि लावू म्हणशील तर कोणाविरुद्ध? आमच्या सासऱ्यांच्या वेळी या इमारतीत सगळी आडनावं एकाच पठडीतली होती. कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण होतं तसं. पलीकडे हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी राजगृह बांधलं, पुस्तकांसाठी बांधलं. तो या सगळ्या दादरमधला सगळ्यांत मोठा वारसा, आणि तो मोठा कशामुळे? गोल गॅलरीमुळे नाही.

भाची : हे मी नाकारत नाही. उलट माझा मुद्दा तोच आहे. वारसा म्हणजे एकेकटी इमारत नाही. आधी मैदान आलं, मग घरं आली. पालिकेने १९२५ साली मैदान लोकांना खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली, महाराजांच्या जन्माची तीनशे वर्षं धरून, अवंतिकाबाई गोखल्यांनी पालिकेत आग्रह धरला आणि ते शिवाजी पार्क झालं. घरं त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली. म्हणजे ती मैदानाकडे तोंड करून, मैदानाच्या बेताने बांधली गेली. अठ्ठावीस एकर मोकळी जागा आणि भोवती तीन-चार मजले. कट्ट्यावरून हाक मारली तर गॅलरीत ऐकू जाते. आईने वरून ‘जेवायला ये’ म्हटलं तर क्रिकेट थांबतं. या उंचीलाच मी वारसा म्हणते. छज्जा पाडून तसाच नवा बांधला तर मी एकवेळ गप्प बसेन.

मावशी : आता हाका कोण मारतंय? पोरं मोबाइलवर आहेत, आया ऑफिसात. आणि मैदान कुठे जाणार आहे? ते पालिकेचं आहे.

भाची : मैदान राहील. पण पंचवीस मजल्यांच्या रिंगणात ती अठ्ठावीस एकरांची विहीर होईल. खालून बघितलं तर आकाशाचा तुकडा दिसेल.

मावशी : वरून बघणाऱ्यांना अख्खा समुद्र दिसेल, माणसंही जास्त असतील. आता या इमारतीतून बारा बिऱ्हाडं मैदान बघतात, उद्या साठ बघतील. तुला मैदान लोकांसाठी हवंय ना? मग जास्त लोकांनी बघितलं तर बिघडलं कुठे?

(हा मुद्दा मी आजवर कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही, आणि तो तितकासा हलका नाही. शहरात मोकळ्या जागेच्या शेजारी दाट वस्ती असावी, हे नगररचनेच्या पुस्तकातही सापडेल. फक्त साठातल्या पन्नासेक घरांची किंमत परवडणारे लोक मैदानात उतरतात का, हे पुस्तकात नसतं.)

भाची : बघणं वेगळं, वापरणं वेगळं. पार्क वापरतो कोण? दादर स्टेशनाहून किट उचलून चालत येणारी पोरं. आचरेकर सरांकडे क्रिकेट शिकायला आलेली पोरं काही सगळी इथली नव्हती. कट्ट्यावर बसणारे प्रभादेवीचे, माहीमचे, वरळीचे. आणि ६ डिसेंबरला तर सगळा महाराष्ट्र. चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक पार्कात उतरतात, मंडपात झोपतात, पुस्तकांच्या स्टॉलवर रांगा लावतात. या मैदानाचा त्याहून खरा उपयोग मला दुसरा माहीत नाही. त्या दिवशी तुमच्या सोसायट्या काय करतात? गेटला कुलूप.

मावशी : सगळे नाही करत. पण करतात, खरं आहे. आणि एक सांगू? कुरकुर करणारे तेच आहेत जे तुझ्या बाजूचे आहेत. ‘आमच्या पार्काची शोभा गेली’ म्हणणारे. सभा नकोत, मंडप नकोत, आवाज नको. २०१० साली कोर्टाने शांतता क्षेत्र ठरवलं, ते बरं झालं, आम्हाला झोप मिळाली. पण त्याआधीचं तरी विसरू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या. आचार्य अत्रे बोलत होते ते माझ्या सासूबाईंनी या गॅलरीतून ऐकलं. तेव्हा शांतता क्षेत्र असतं तर महाराष्ट्र कुठे मिळाला असता?

भाची : म्हणजे जतन हवंय म्हणणाऱ्यांना माणसं नकोत, असं म्हणतेस?

मावशी : पुष्कळांना नकोत. त्यांना चित्रातला पार्क हवा. मला लाल मातीची धूळ नको एवढंच. ती आणली क्रिकेटसाठी, आणि आता उन्हाळाभर टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येतं. त्याच्यासाठी तुझ्या जतनवाल्यांतला एकही जण आला नाही, धूळ काही आर्ट डेको नाही ना.

भाची : बरं, एवढं सगळं झाल्यावर तू सही करणार का?

मावशी : करणार. आठवड्याभरात.

भाची : मग काही अटी घाल. ५१ टक्क्यांत तुझी सही धरलेली असेल, तर तुला बोलायचा हक्क आहे. रस्त्याच्या बाजूला चार मजल्यांपर्यंत इमारत आतासारखीच ठेवा, वरचे मजले मागे सरकवा. पार्किंगचं पोडियम मैदानाच्या बाजूला नको, मागे घ्या. नाहीतर कट्ट्यावर बसलेल्या माणसासमोर पाच मजले गाड्यांचे येतील, गॅलरी सहाव्यापासून सुरू होईल. जिन्याची काच, कठडा, जाळ्या काढून नव्या जिन्यात बसवा. हे होतं. फक्त करारनाम्यात आधी लिहावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही.

मावशी : कठडा लिही. काच नको, काच गळते.

भाची : नवी बसवली तर नाही गळणार.

मावशी : मग काचही लिही. पोडियम मागे, हे पण लिही, मला गाड्यांकडे तोंड करून राहायचं नाही. ते वरचे मजले मागे सरकवायचं राहू दे.

भाची : खरी अट तीच आहे. बाकीचं सामान आहे.

मावशी : अगं, मजले मागे सरकवले की त्याची विकायची जागा कमी होते. ती कमी झाली की आमच्या ३०० च्या वर जे शंभर-सव्वाशे तो देतोय ते आधी जातात. मग वरच्या कुलकर्ण्यांची सही फुटते, त्यांना सुनेची खोली हवीय. एक सही फुटली की ५१ टक्के गेले, आणि पुढचा बिल्डर यायला दहा वर्षं. तेव्हा मी कुठे असेन?

भाची : मी नुसती लिहून ठेवते. बैठकीत वाचून तर दाखव. नाही म्हणाले तर खोडू.

मावशी : वाचायला कुलकर्ण्यांना दे. त्यांचा आवाज मोठा आहे, आणि विरोध करायला उभे राहतील तेव्हा कागद त्यांच्याच हातात असेल.